विकल्पाचा कागद

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात आहे. आजोबांनी ते बांधलं तेव्हा राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० ला राजधानीच आमच्या गावात आली. घर जागचं हललं नाही. घरातली माणसं मात्र दोन्ही वेळा हलली, आणि दोन्ही वेळा एका कागदामुळे.

पहिला कागद माझ्या काकांना आला. ते नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं वडिलांकडून आणि आईकडून ऐकलेलं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात जाणार, बाकीचे हिंदी जिल्हे विंध्य प्रदेश, भोपाळ आणि मध्यभारत या राज्यांना जोडून नवा मध्यप्रदेश होणार, असं ठरलं. उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला निघालं, सचिवालय भोपाळला. नोकरांना विचारण्यात आलं, तुम्हाला मुंबईकडे जायचं की भोपाळकडे? काकांनी भोपाळ लिहिलं. आजी रायपूरला होती आणि रायपूर भोपाळच्या राज्यात जात होतं. आईच्या राज्यात राहावं, एवढाच त्यांचा विचार.

पण नागपूर इथून तीनशे किलोमीटर. सकाळी निघालं की दुपारी घरी. भोपाळ त्याच्या दुपटीहून लांब, आणि आजही काही गाड्या नागपूरवरूनच तिकडे जातात. आईच्या राज्यात राहण्यासाठी काका आईपासून दूर गेले. येता-जाता नागपूरचं स्टेशन लागायचं, तेव्हा ते खिडकीशी येऊन बसायचे असं काकू सांगायच्या. त्यांचं सगळं तरुणपण त्या शहरात गेलं होतं.

वडील रायपूरला शिक्षक होते, ते जागेवर राहिले. त्यांना लागलेली गोष्ट वेगळी होती. जुन्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. नव्या राज्यात मराठीला ती जागा उरली नाही. वडिलांनी त्याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही. ते हिंदी उत्तम लिहायचे. माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीतच, वामनराव लाखे त्यांच्या सोबत होते, आणि ही दोन्ही मराठी माणसं आमच्या रायपूरची, हे ते अभिमानाने सांगायचे. तरी घरी पत्र आलं की पाकिटावरचा पत्ता मराठीत आहे का हे ते आधी पाहायचे.

दुसरा कागद आला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

छत्तीसगड वेगळं व्हावं ही मागणी माझ्या जन्माच्या आधीची. पंडित सुंदरलाल शर्मांचं नाव त्यात पहिलं घेतात. पुढे डॉ. खूबचंद बघेल, मग पवन दीवान, चंदूलाल चंद्राकर. १८ मार्च १९९४ ला भोपाळच्या विधानसभेने ठराव केला. आम्ही मोर्चे पाहिले, बंद पाहिले, पण जाळपोळ पाहिली नाही. कुणी पुतळे जाळत नव्हतं, कुणी कुणाला गाव सोडून जायला सांगत नव्हतं. लोकांची तक्रार साधी आणि खरी होती. कोरब्याचा कोळसा आणि वीज इथली, दल्ली-राजहऱ्याचं लोखंड इथलं, भिलाईचा कारखाना इथला, पण साध्या बदलीच्या अर्जावर सही हवी असली तरी रात्रभर गाडीत बसून भोपाळ गाठायचं. मी स्वतः किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. धर्मशाळेत अंघोळ करायची, डबा खायचा, दिवसभर साहेबाच्या दाराशी बसायचं आणि ‘पुढल्या आठवड्यात या’ ऐकून परतीची गाडी धरायची. म्हणून राज्य होणार म्हटल्यावर मला मनापासून आनंद झाला. तो आजही कमी झालेला नाही.

३१ ऑक्टोबर २००० ची रात्र आठवते. दिवाळी नुकतीच उलटली होती. धाकटा भाऊ जबलपूरहून सणाला आलेला, तो अजून घरीच होता. पोलीस परेड ग्राउंडवर मध्यरात्री अजित जोगी शपथ घेणार होते. आम्ही दोघं पायी निघालो. जयस्तंभ चौकात एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आरंगकडच्या एका गावातून वडिलांच्या महाप्रसादाचा मुलगा आला होता. महाप्रसाद म्हणजे मितान. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांच्या हातावर ठेवून जोडलेलं नातं. ते भावाहून घट्ट मानतात, आणि एकदा नातं जोडलं की एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. वडील आणि तो शेतकरी साठ वर्षं एकमेकांना ‘सीताराम महाप्रसाद’ म्हणत आले. जातीचा, भाषेचा प्रश्न त्यात कधी आला नाही. त्याचा मुलगा गर्दीतून वाट काढत आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “हमर राज बनगे, भइया. अब भोपाल जाय बर नइ परय.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. भाऊ बाजूला उभा होता, त्याने त्याला मिठी मारली.

कोणतं राज्य हवं ते नोकरांनी लिहून द्यायचं, हे विकल्पाचं प्रकरण तेव्हा सुरूच होतं. माझं पद खालच्या पातळीवरचं, मी जिथे होतो तिथेच राहणार होतो. भाऊ उपयंत्री. त्याची यादी सगळ्या राज्याची एक, आणि ती यादीच दोन राज्यांत वाटायची होती. त्याने विकल्पात छत्तीसगड लिहिलं. जन्म रायपूरचा, शिक्षण रायपूरचं, आई रायपूरला, घर रायपूरला. हे सगळं त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, सोबत घराच्या रजिस्ट्रीची नक्कल जोडली. मला वाटलं, याहून स्पष्ट काय असतं?

वाटप झालं त्यात तो मध्यप्रदेशाला गेला. पदं मोजून द्यायची होती, जागा कमी होत्या, त्याचं नाव यादीत खाली होतं. त्याने अर्ज केले, अपील केलं, मग आणखी एक अर्ज. कोणत्या कार्यालयात किती महिने काय पडून राहिलं ते मी लिहीत नाही. तिथे बसलेली माणसंही आमच्यासारखीच होती, त्यांचेही भाऊ कुठे ना कुठे वाटले गेले असतील. पाच-सहा वर्षांनी त्याने अर्ज करणं सोडलं. मुलं जबलपूरच्या शाळेत रुळली होती. खालच्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. आई दर शनिवारी ते कुलूप काढून झाडून यायची.

राज्य झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं मध्यप्रदेशात विजेचे फार हाल होते. मागणीच्या मानाने निर्मितीचा मोठा वाटा आमच्याकडे आला होता. आई फोनवर पहिला प्रश्न विचारायची, “लाइट आहेत का रे?” आणि नसले की तिला आपल्या डोक्यावरच्या पंख्याची लाज वाटायची. एकदा ती उठून पंखा बंद करून आली. मी काही बोललो नाही. पुढे पुतण्याने इथल्या एका परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा ‘अन्य राज्य’ या रकान्यात खूण करावी लागली. त्याने ती केली आणि विसरला. आई विसरली नाही. “माझा नातू अन्य कसा?” हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली. २००९ साली ती गेली. भाऊ रात्रीच्या गाडीने निघाला, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

मिळालेलंही लिहितो. उच्च न्यायालय बिलासपूरला झालं. शेजारच्या बाईंचा वाटणीचा खटला जबलपूरला वर्षानुवर्षं चालू होता, त्या आता सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत यायच्या. गाव पाहता पाहता बदललं. घरभाडी एका हिवाळ्यात चढली, तात्यापाऱ्यातल्या जुन्या कौलारू घरांवर दलालांची नजर गेली. सरकारला बसायला जागा नव्हती म्हणून मंत्रालय डीके हॉस्पिटलच्या इमारतीत आलं. माझी मुलगी त्याच इमारतीत जन्मली, १९८६ साली. मी एकदा फाइल घेऊन तिथे गेलो तेव्हा ज्या व्हरांड्यात रात्रभर येरझाऱ्या घातल्या होत्या, त्याच व्हरांड्यात बाकावर बसून नंबरची वाट पाहत होतो. भोपाळपर्यंतची रात्र वाचली होती. त्या दिवशी मला ते फार मोठं वाटलं. २०१२ मध्ये मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि काही वर्षांनी त्या इमारतीत पुन्हा दवाखाना सुरू झाला.

राजधानी आम्हाला जवळ आली. दक्षिण बस्तरमधल्या कोंट्याच्या माणसाला रायपूर आजही चारशेहून अधिक किलोमीटर आहे, आणि मधल्या काळात नक्षलवादी संघर्षात बस्तरने जे सोसलं त्यापुढे माझ्या भावाची बदली काहीच नाही. हे मला कळतं, आणि ते न लिहिता पुढे जाणं बरं दिसणार नाही.

राज्य झाल्यावर आणखी एक प्रश्न दारात आला, जो मध्यप्रदेशात कधी आला नव्हता. आम्ही कोण? ‘छत्तीसगढ़िया सबले बढ़िया’ हे सगळीकडे ऐकू यायला लागलं, आणि त्याच्या जोडीला ‘परदेसिया’ हा शब्दही. कचेरीत एकाने सहज विचारलं, “आप लोग तो महाराष्ट्र के हैं ना?” आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांबरोबर इकडे आले असं घरात सांगतात. माझी आई भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडायची आणि देवाशी मराठीत बोलायची. महाराष्ट्रात आम्ही कधी राहिलोच नाही. तेव्हा राग आला. नंतर विचार केला. १७४१ मध्ये भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर चालून आले, मग बिंबाजी भोसल्यांनी इथे राज्य केलं. इथल्या शेतकऱ्याला तेव्हा कोणी विचारलं होतं? वसुली मात्र त्याच्याकडूनच झाली. त्या आठवणीचा काही अंश ‘परदेसिया’ या शब्दात उरला असेल, तर त्याचा राग मी धरू नये. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी हे एकदा बोलून दाखवलं. काहींना आवडलं नाही.

तिसरा कागद एडिनबराहून आला.

मुलगी संशोधनासाठी तिकडे गेली, नोकरी लागली, राहिली. २०१४ च्या उन्हाळ्यात तिने मतदान कार्डाचा फोटो पाठवला. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का, या प्रश्नावर १८ सप्टेंबरला मतदान होणार होतं आणि तिला मत होतं. मला वाटलं तिची काही गफलत झाली. पासपोर्ट भारताचा, तिकडे जाऊन जेमतेम चार वर्षं. पण नियमच तसा होता. तिथे राहणारा राष्ट्रकुल देशाचा नागरिक मत देऊ शकत होता. सोळा वर्षांची मुलंही देऊ शकत होती. मात्र स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला राहणाऱ्याला मत नव्हतं. जन्म कुठला हे नाही, तिथे कोण राहतं हे पाहिलं होतं.

मी तो फोटो बराच वेळ पाहत बसलो. देश फुटणं आणि देशात एक राज्य वेगळं होणं यांत फार अंतर आहे, हे मला माहीत आहे. आपल्या घटनेत राज्यं करण्याचा अधिकार संसदेचा, विधानसभेचं मत तेवढं मागवतात. तसं मागवलं होतं, सगळं रीतसर झालं. तरीही मनात आलं, माझ्या आईला हे विचारलं गेलं असतं तर?

त्या महिन्यात मुलीचे फोन लांबले. बसमध्ये, दुकानात, कामाच्या ठिकाणी लोक फक्त याच विषयावर बोलत होते. खिडक्यांवर ‘यस’ आणि ‘नो थँक्स’चे कागद. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबा ‘हो’ म्हणणारे, आजी ‘नाही’ म्हणणाऱ्या. दोघांनी आपापल्या खिडकीत आपापला कागद लावला होता आणि चहा एकत्र घेत होते. आजींना चिंता पेन्शनची होती. पौंड राहील का, पेन्शन कोण देईल, इंग्लंडमध्ये असलेल्या मुलीकडे जायचं तर सीमा लागेल का? स्कॉटलंडच्या सरकारने आदल्या वर्षी ६७० पानांचा ग्रंथच काढला होता. चलन, पेन्शन, पासपोर्ट, सगळ्यावर आपलं म्हणणं छापून लोकांपुढे ठेवलं होतं. विरोधी बाजूने त्यातली एकेक ओळ खोडून काढली. लोकांनी दोन्ही वाचलं, दोन्हींशी वाद घातला.

“बाबा, मी काय करू?” मुलीने विचारलं. “मी उद्या इथून जाईनही. मी यांच्या देशाचं ठरवावं का?”

मी म्हटलं, “तू तिथे भाडं भरतेस, कर भरतेस. खालच्या आजींशी बोल, मग ठरव.” तिने कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मतदान ८४.६ टक्के झालं. ५५.३ टक्के ‘नाही’, ४४.७ टक्के ‘हो’. एडिनबराने ‘नाही’ म्हटलं, जवळच्या ग्लासगोने ‘हो’. दुसऱ्या दिवशी खालचे आजोबा दार उघडेनात. आजींनी त्यांच्या खिडकीतला कागद काढू दिला नाही. तुमच्या मनात येईल तेव्हा तुम्हीच काढा, म्हणाल्या. तो आठ महिने तसाच होता.

तिथलंही सगळं मिटलं नाही. दोन वर्षांनी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. स्कॉटलंडमध्ये मत देणाऱ्या ६२ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं होतं, तरी बाहेर पडावं लागलं. पुन्हा मतदान घ्यायचं म्हटलं तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय ते घेता येणार नाही. म्हणजे विचारलं की प्रश्न संपतो, असंही नाही. पण विचारलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. मुलीच्या आवाजात त्या दिवसांत मी तो ऐकला. परक्या देशात तिला कुणी तरी म्हटलं होतं, तुझंही मत आम्हाला हवं. माझ्या काकांना आणि भावाला विचारलं गेलं होतं ते नोकर म्हणून, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आधीच कुठेतरी मोजून ठेवलेलं होतं.

खालच्या आजींची पेन्शनची चिंता ऐकून मला हसू मात्र आलं नाही. मी आदल्याच वर्षी निवृत्त झालो होतो. आमची नोकरी दोन राज्यांत विभागलेली, तशी पेन्शनही. २००० च्या पुनर्रचना कायद्याच्या ४९ व्या कलमाने जुन्या पेन्शनचा बोजा दोन्ही राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला. त्यातून अशी रीत पडली की पेन्शनरांची महागाई सवलत वाढवायची तर एका राज्याने दुसऱ्याची संमती मागायची. नोकरीत असलेल्यांची वाढ जाहीर व्हायची आणि आम्ही पत्राच्या उत्तराची वाट पाहायचो. वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांतल्या पेन्शनर संघटना हे कलम काढा म्हणून निवेदनं देत आल्या. औषधांचा खर्च वाढण्याच्या वयात ही थकलेली रक्कम लहान नसते. माझ्या सोबतचे दोघं वाट पाहतच गेले. राज्य वेगळं होताना म्हाताऱ्यांचं काय होईल हे कुणी साध्या शब्दांत लिहून आमच्यापुढे ठेवलं असतं, तर आम्ही राज्याला विरोध केला नसता. एवढंच म्हटलं असतं की हे कलम जरा नीट लिहा.

भाऊ निवृत्त झाला आणि परत आला. खालच्या खोल्यांचं कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं. महाप्रसादाचा मुलगा नव्या धानाचं पोतं घेऊन आला. त्याचेही केस आता पांढरे झालेत. तिघं ओट्यावर बसलो. त्याने विचारलं, राजधानी झाली तेव्हा आपण चौकात भेटलो होतो, आठवतं का? भाऊ म्हणाला, “आठवतं ना. मी पण नाचलो होतो.”

दर नोव्हेंबरात पेन्शनरला आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. आम्ही दोघं त्यासाठी बँकेत एकदमच जातो. गेल्या खेपेला खिडकीवर एक नवी मुलगी होती, राज्य झाल्यानंतर जन्मलेली असावी. तिने दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवले. वडिलांचं नाव एक, पत्ता एक, तात्यापारा. तिने वर पाहिलं.

“सर, आप दोनों सगे भाई हैं? तो इनका मध्यप्रदेश और आपका छत्तीसगढ़ कैसे?”

भावाने चष्मा पुसला. “बेटा, लिस्ट में मेरा नाम नीचे था,” तो म्हणाला, आणि सही करायला पेन मागितलं.